खोक्यातून आलेली शाळा

अमेरिकेतली मुस्लिम कुटुंबं घरशाळेचा तयार अभ्यासक्रम कसा निवडतात, त्याचे पडद्यामागचे काही किस्से

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांना ‘बॉक्स डे’ची भारी हौस. जुलै-ऑगस्टच्या सुमारास दारात एक जड खोकं येऊन पडतं. त्यात अख्ख्या वर्षाची शाळा भरलेली असते. गोष्टींची पुस्तकं, इतिहास, गणिताच्या वह्या, प्रयोगांसाठी भिंग आणि लिटमस कागद, आणि सगळ्यांत वर एक जाडजूड रिंग बाइंडर. सोमवारी कोणतं पान, मंगळवारी कोणता धडा, असं छत्तीस आठवड्यांचं नियोजन या मार्गदर्शिकेत तयार असतं. मुलं खोक्याभोवती बसून फोटो काढतात. आदल्या हिवाळ्यापासून आईबापांमध्ये चाललेली वादावादी मात्र त्या फोटोत येत नाही. कुटुंब मुस्लिम असेल तर त्या वादात आजी, मौलवीसाहेब, मशिदीतल्या मैत्रिणी आणि हैदराबादहून फोनवर बोलणारे चाचाही सामील असतात.

मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, कोकणी मुसलमान. लग्नानंतर शिकागोजवळच्या एका उपनगरात आले. तिथल्या मशिदीच्या तळघरात आम्ही काही बायका जुन्या अभ्यासक्रमांची देवघेव चालवतो. एका घराचं वापरून झालेलं खोकं दुसऱ्या घरी जातं, आणि जाताना आमच्या टेबलावर उघडलं जातं. देशी बायका मला आपा म्हणतात, अमेरिकन बायका सिस्टर. या टेबलावर पुस्तकांपेक्षा गोष्टीच जास्त जमा झाल्या. त्यातल्या काही सांगते. माणसांची नावं अर्थातच सांगणार नाही.

खोक्यांची वंशावळ

पहिल्यांदाच येणाऱ्या आईचा ठरलेला प्रश्न असतो, “आपा, मुस्लिम मुलांसाठीचा पूर्ण बॉक्स कुठे मिळतो?” ‘कुठेच नाही’ हे उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरतो. कारण अमेरिकेत हा धंदा उभा केला तो बहुतांशी ख्रिस्ती प्रकाशकांनी.

सुरुवात तशी शाळेतूनच झाली. बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलने 1906 मध्ये घरी शिकवण्याचे धडे टपालाने पाठवायला घेतले. ते मागवणाऱ्यांत परदेशातले मिशनरी, राजनैतिक अधिकारी आणि लष्करातली कुटुंबं बरीच होती. फ्लोरिडातल्या पेन्सकोला इथे 1972 मध्ये अबेका हे प्रकाशन सुरू झालं. तेही आधी ख्रिस्ती शाळांसाठीच. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाचं प्रकाशनही त्याच दशकातलं. 1990 मध्ये कोलोरॅडोत सोनलाइट निघालं आणि पाठ्यपुस्तकांऐवजी कथा-कादंबऱ्यांतून इतिहास शिकवायची पद्धत घरोघरी पोचली. 1993 पर्यंत पन्नासही राज्यांत घरशाळा कायदेशीर झाली. सरकारी पाहणीच्या अंदाजानुसार 1999 मध्ये साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती. 2012 मध्ये तो आकडा सुमारे अठरा लाखांवर गेला. एवढी मोठी बाजारपेठ, पण तिच्यात मुस्लिम घरांचा वाटा लहान. त्यांच्यासाठी पहिली ते बारावीचा पूर्ण संच छापायची जोखीम कोण घेणार?

इलिनॉयमधल्या टुलन या छोट्या गावातून रेनबो रिसोर्स नावाची कंपनी घरशाळेचं सामान विकते. तिचा छापील कॅटलॉग हजाराहून जास्त पानांचा. आमच्या तळघरात त्याची एक जुनी प्रत आहे. नवी आई आली की तो तिच्यापुढे ठेवायचा आणि चहा करायला जायचं, अशी आमची पद्धत. चहा येईपर्यंत तिला निवडीचा आवाका कळलेला असतो.

पांढरी पट्टी

हैदराबादचं एक जोडपं. नवरा इंजिनिअर, अबोल. मुलगा दुसरीत. त्यांनी दक्षिणेतल्या एका ख्रिस्ती प्रकाशनाचं वापरलेलं खोकं घेतलं. कारण सरळ होतं. अक्षर वळणदार होतं, वाचन उच्चारांच्या पद्धतीने पक्कं शिकवतात, गोष्टींतली मुलं आईबापांना उलट बोलत नाहीत, मुलामुलींच्या प्रेमप्रकरणांचा विषय नाही. सरकारी शाळेत मुलगा काय शिकेल या धास्तीपुढे दगडापेक्षा वीट मऊ, असा त्यांचा हिशेब.

पहिल्याच आठवड्यात पुस्तकाने रंग दाखवला. सुलेखनाच्या वहीत बायबलमधली वचनं. स्पेलिंगच्या यादीत तारणहार. बेरजेच्या उदाहरणातला मिशनरी सकाळी इतके मैल चालतो आणि दुपारी इतके. इंजिनिअरसाहेबांनी दुरुस्तीची पांढरी चिकटपट्टी आणली आणि रोज रात्री जेवणानंतर वह्या घेऊन बसू लागले. येशू देवाचा पुत्र आहे असं जिथे असेल तिथे पट्टी. त्रैक्याचा उल्लेख, पट्टी. त्यांच्या कामात इंजिनिअरची सफाई होती. एकही ओळ वाकडी झाकली नाही.

मुलाने काय करावं? तो प्रत्येक पान टेबललॅम्पसमोर धरून पट्टीखालचं वाचायचा. अब्बांनी एवढ्या मेहनतीने झाकलंय म्हणजे तेच महत्त्वाचं असणार, असा त्याचा तर्क. काही दिवसांनी त्याला झाकलेली वचनं तोंडपाठ होती आणि उघडी स्पेलिंगं चुकत होती.

शेवटी भाभीने सूत्रं हातात घेतली. पट्ट्या काढल्या आणि मुलाला शेजारी बसवून सांगितलं, “हे पुस्तक ज्यांनी लिहिलं ते असं मानतात. आपण ईसा अलैहिस्सलामांना नबी मानतो, मरियमच्या नावाची सूरा आपल्या कुरआनात आहे. फरक इथे आहे.” मुलाला फरक कळला आणि लॅम्पचा नाद सुटला. पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी आणि इतिहास दुसरीकडून घेतला. ते खोकं परत माझ्या टेबलावर आलं तेव्हा पानांवर डिंकाचे डाग होते. फुकट द्यावं लागलं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. खोक्यात दोन प्रकारचा माल असतो. एक पुन्हा वापरता येणारा, म्हणजे गोष्टींची पुस्तकं, ॲटलास, मार्गदर्शिका. दुसरा एकदा लिहिला की संपणारा, म्हणजे वह्या. मुलं दोन-तीन असली की वह्या दर वर्षी नव्याने घ्याव्या लागतात. शिवाय नवी आवृत्ती निघाली की जुन्या मार्गदर्शिकेतले पानांचे आकडे जुळत नाहीत. म्हणून जुनं खोकं घेताना मी आधी पुस्तकाचं आणि मार्गदर्शिकेचं आवृत्तीवर्ष जुळवून बघते. धर्माचा प्रश्न त्यानंतरचा.

सतरा अंश उत्तर

आमच्यातल्याच एका चिपळूणच्या मुलीने कथा-कादंबऱ्यांतून शिकवणारं एक नावाजलेलं खोकं घेतलं होतं. पुस्तकं खरोखर सुंदर. मात्र भूगोलाच्या तासाला दर आठवड्याला एक देश किंवा एक समाज, त्याचा नकाशा, तिथलं जेवण, आणि शेवटी त्या लोकांनी ख्रिस्ती व्हावं म्हणून प्रार्थना. इव्हँजेलिकल मंडळींत 1990 च्या सुमारास ‘10/40 खिडकी’ ही कल्पना रुजली. विषुववृत्ताच्या उत्तरेला 10 ते 40 अंशांमधला, उत्तर आफ्रिकेपासून आशियापर्यंतचा पट्टा, जिथे सुवार्ता पोचायची आहे. लुईस बुश या धर्मप्रचारकाने तिला हे नाव दिलं. मुलांच्या पुस्तकांतही ती आली.

तिची मुलगी तिसरीत. ॲटलास उघडून तिने अंश मोजले. रत्नागिरी सतरावर. मुंबई एकोणिसावर. “म्हणजे ही सगळी मुलं माझ्या नानीसाठी प्रार्थना करतायत?”

आई गोंधळली. तिने सरळ गावी फोन लावून दिला. नानीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करू देत की गो. दुआ कुणाची फुकट जात नाही. त्यांना म्हणावं, गुडघ्यांसाठी पण मागा.”

नानी हसून मोकळी झाली, पण आईने त्या वर्षाचा भूगोल बदलला. मिशनऱ्यांची चरित्रं बाजूला काढली आणि त्या आठवड्यांत प्रवासी इब्न बतूता बसवला. 1325 मध्ये तो तँजिअरहून निघाला. हिंदुस्थानात दौलताबाद, नंदुरबार करत खंबायतला पोचला आणि पुढे समुद्रमार्गाने गोव्याच्या किनाऱ्यावरून खाली उतरला. होन्नावरबद्दल त्याने लिहून ठेवलंय की तिथल्या बायकांना कुरआन पाठ आहे आणि गावात मुलींच्या तेरा शाळा आहेत. तिथले मुसलमान शाफई पंथाचे असल्याचंही तो नोंदवतो. आम्ही कोकणी मुसलमानही शाफईच. चौदाव्या शतकातल्या मुलींच्या शाळा आपल्याच किनाऱ्यावर सापडल्यावर त्या पोरीने भूगोलाची वही सोडली नाही. खोकं तेच राहिलं, मार्गदर्शिकेची दहा-बारा पानं बदलली.

विल्बरची पंचाईत

ख्रिस्ती खोक्याला कंटाळलेली कुटुंबं मग धर्म वगळलेल्या खोक्याकडे वळतात. सोनलाइटच्या घराण्यातूनच पुढे बुकशार्क नावाचा बायबल वगळलेला संच निघाला. व्हरमाँटचं ओक मेडो 1975 पासून आहे. आता बायबल नाही म्हणजे डोक्याला ताप नाही, असं वाटतं. पण डिसेंबरच्या आठवड्यांत ख्रिसमसची सजावट असतेच. ऑक्टोबरात भोपळे कोरायचे असतात. चित्रकलेच्या पुस्तकात रेनेसाँसचे उघडे पुतळे असतात. आणि वाचनाच्या यादीत बहुधा ‘शार्लट्स वेब’ असतं. ई. बी. व्हाइट यांचं हे 1952 चं पुस्तक अमेरिकेत पिढ्या वाचत आल्या आहेत. नायक विल्बर. विल्बर डुक्कर आहे.

एका पाकिस्तानी डॉक्टरीणबाईंच्या घरी लाहोरहून सासूबाई आल्या होत्या. नातू सोफ्यावर पडून मुखपृष्ठावरच्या डुकराकडे प्रेमाने बघतोय हे त्यांनी पाहिलं आणि घरात गहजब झाला. पुस्तक उंच कपाटावर गेलं. सूनबाईंनी ते खाली काढलं. म्हणाल्या, “अम्मी, खायला मनाई आहे, वाचायला नाही.” अम्मींनी मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं. मौलवीसाहेब अमेरिकेतच वाढलेले. ते म्हणाले, “मीही लहानपणी वाचलंय. शेवटी रडलो होतो.” सासूबाईंकडे यावर उत्तर नव्हतं. शार्लट कोळीण मेली तेव्हा नातूही रडला आणि मग कुरआनातल्या कोळ्याच्या सूरेबद्दल आजीलाच विचारत बसला. त्यानंतर आजी खुशीत होती.

डुकराचा प्रश्न तसा सोपा. अवघड प्रश्न जीवशास्त्राचा. उत्क्रांती शिकवायची की नाही, यावर आमच्या तळघरात दर वर्षी बैठक होते आणि दर वर्षी तीन तट पडतात. काही जणींना ख्रिस्ती विज्ञान-पुस्तकांत आधार वाटतो. तिथे सृष्टी देवाने निर्माण केली असं पहिल्या पानापासून लिहिलेलं असतं. पण त्यातल्या अनेक पुस्तकांत पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरलेलं असतं. हे बायबलच्या एका विशिष्ट वाचनातून आलेलं गणित. कुरआनात असा हिशेब कुठेच नाही. म्हणजे मुस्लिम मूल दुसऱ्याच कुणाच्या धर्मशास्त्रावरचा पेपर पाठ करतं.

एकदा बैठक फार तापली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खटल्याची गोष्ट सांगितली. अबेका आणि बॉब जोन्सची पुस्तकं मुख्य पाठ्यपुस्तकं म्हणून वापरणाऱ्या ख्रिस्ती शाळांचे काही विषय प्रवेशासाठी मान्य करायला विद्यापीठाने नकार दिला. शाळांची संघटना 2005 मध्ये कोर्टात गेली. 2008 मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला आणि 2010 मध्ये अपिलातही तो टिकला. वादात जीवशास्त्राची पुस्तकंही होती. हे ऐकून तळघरात शांतता पसरली. आमच्यातल्या प्रत्येकीला मूल डॉक्टर व्हायला हवं आहे. त्या वर्षी मान्यताप्राप्त जीवशास्त्राच्या पुस्तकांना एकदम मागणी आली. आदमच्या निर्मितीबद्दल घरात काय सांगायचं ते ज्या त्या घराने ठरवलं.

पाठमोरा मुलगा

मग इस्लामी प्रकाशक काय करतात? करतात, आणि चांगलं करतात. शिकागोतच 1983 मध्ये डॉ. आबिदुल्ला गाझी आणि डॉ. तस्नीमा गाझी या मूळ भारतीय दांपत्याने इक्रा इंटरनॅशनल ही संस्था काढली आणि बालवाडीपासूनची क्रमवार धर्मशिक्षणाची पुस्तकं तयार केली. दिल्लीत 1996 मध्ये सुरू झालेल्या गुडवर्ड बुक्सची रंगीत गोष्टींची पुस्तकं आमच्या टेबलावर सगळ्यांत आधी उचलली जातात. इंग्लंडमधल्या प्रकाशनांची मक्तबसाठीची, म्हणजे मुलांच्या धर्मवर्गांसाठीची पुस्तकंही इथे येतात.

अशाच एका छोट्या प्रकाशनासाठी मी काही काळ मुद्रितं तपासायची. नमाजच्या धड्यासाठी एक चित्र हवं होतं. उभा राहून नमाज पढणारा मुलगा. एवढंच. चित्रकाराने मुलगा काढला आणि चित्र परीक्षकांकडे गेलं. हनफी परीक्षक म्हणाले, हात नाभीखाली हवेत. शाफई म्हणाले, छातीखाली आणि नाभीच्या वर. सेनेगलच्या भाईंनी कळवलं की आमचे मालिकी लोक हात सरळ सोडतात. चौथ्यांना चेहऱ्यावरचे डोळे-नाक खटकले. चित्र कितीदा गेलं-आलं ते चित्रकारच जाणे. शेवटी त्यानेच तोडगा काढला. मुलगा पाठमोरा काढला. हातही दिसेनात, चेहराही दिसेना, सगळे परीक्षक खूश. इस्लामी बालपुस्तकांत पाठमोरी मुलं इतकी का असतात, त्यामागचं एक कारण हे.

चित्राचं निभावलं, मजकुराचं निभावत नाही. आमच्या दापोलीकडच्या एका मुलीने पुस्तकात वाचलं की सावली वस्तूच्या दुप्पट झाली की असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची वेळ होते. हा हनफी नियम. तिचे अब्बा शाफई. सावली वस्तूइतकी झाली की ते असर पढतात. पोरीने काठी उन्हात रोवली, सावली मोजली आणि जाहीर केलं की अब्बा रोज वेळेआधी नमाज पढतात. अब्बा त्या दिवशी ऑफिसातून दमून आले होते. विज्ञानाचा प्रयोग म्हणून काठीला पैकीच्या पैकी गुण, पण घरात अर्धा तास खटला चालला. भारतीय मुसलमानांत हनफी बहुसंख्य, म्हणून कोकणी घरांना हा अनुभव ठरलेला. काही ब्रिटिश प्रकाशक आता हनफी आणि शाफई अशा वेगळ्या आवृत्त्या काढतात. मागवताना मुखपृष्ठ नीट बघायचं.

धर्मशिक्षण सोडून बाकी विषयांत मात्र इस्लामी संच अजून तोकडे पडतात. सफरचंदांऐवजी खजूर मोजले म्हणून गणिताचं पुस्तक चांगलं होत नाही. आमच्याकडची बहुतेक घरं गणितासाठी सिंगापूरच्या पद्धतीची पुस्तकं घेतात. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, अशी त्यांची रीत. अरबीसाठी मदिनेच्या विद्यापीठात पूर्वी शिकवणारे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांची तीन पुस्तकं चालतात. ते तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे. कुरआन वाचनाची पहिली पायरी असलेला नूरानी कायदा लुधियान्याच्या मौलवी नूर मुहम्मद यांचा. घरशाळा अमेरिकेतली असली तरी तिचा बराच माल आपल्याकडून गेलेला आहे.

ओळखीचं पान हरवलं

एक मुलगा कुरआन पाठ करत होता. घरी नागपूरहून आलेली प्रत. आईने इजिप्तचे एक उस्ताद ऑनलाइन लावले. पहिल्याच दिवशी गुरू आणि शिष्य दोघेही वैतागले. उस्ताद म्हणत, पान उघड, डावीकडे वर बघ. मुलाच्या प्रतीत ती आयत दुसऱ्याच पानावर.

मजकूर तोच, छपाई निराळी. अरब देशांत बहुधा मदिनेची प्रत वापरतात. ती उस्मान ताहा या सीरियन सुलेखनकाराच्या हातची. 604 पानं, पानाला पंधरा ओळी, आणि प्रत्येक पान आयतीवरच संपतं. भारत-पाकिस्तानातली लिपीची ढब वेगळी, थांबण्याच्या खुणा वेगळ्या, आणि रुकू, म्हणजे परिच्छेदासारखा भाग, संपला की समासात छोटं ‘ऐन’ हे अक्षर असतं. पाठांतर करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे पान उभं असतं. मध्येच प्रत बदलली की पाठ असलेलंही अडखळतं. म्हणून ‘कुरआनसह पूर्ण पॅकेज’ अशी जाहिरात दिसली की मी आधी प्रत कोणती ते विचारायला सांगते. त्या मुलासाठी शेवटी हैदराबादी उस्ताद शोधले. त्यांच्याकडे भारतीय प्रत होती. गाडी रुळावर आली.

छत्तीस आठवडे आणि रमजान

तयार संच छत्तीस आठवड्यांचे असतात. पाच दिवसांचा आठवडा धरला की 180 दिवस, अमेरिकी शाळांच्या वर्षाएवढे. ख्रिसमस-ईस्टरच्या सुट्ट्या त्या आखणीत सहज बसतात. रमजान बसत नाही. तो दर वर्षी दहा ते बारा दिवस अलीकडे सरकतो. अमेरिकेत 2023 मध्ये 23 मार्चला सुरू झाला, 2024 मध्ये 11 मार्चला, 2025 मध्ये 1 मार्चला.

नवखी कुटुंबं रमजानातही पूर्ण वेळापत्रक रेटतात. सहरीला उठलेली आई दुपारी भागाकार शिकवते. ईदपर्यंत आई, मूल आणि भागाकार तिघेही थकलेले असतात. मुरलेल्या बायका मार्गदर्शिकेचं बाइंडर ऑगस्टमध्येच उघडतात आणि पानं काढून नव्याने लावतात. विज्ञानाचे मोठे प्रयोग आधी. रमजानात फक्त गणित, वाचन आणि कुरआन. दोन्ही ईदांना सुट्टी. डिसेंबरात सगळीकडे सुट्टी असताना आमच्या घरांत इतिहास जोरात चालतो. रिंग बाइंडरचा खरा फायदा मला इथेच कळला. छापील बांधीव मार्गदर्शिका असती तर ही उलथापालथ करता आली नसती.

पोलीस येतील का?

हा प्रश्न हमखास कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, बहुधा नुकतेच भारतातून आलेले वडील. त्यांना मी राज्य कोणतं ते विचारते, कारण नियम राज्यागणिक वेगळे. इलिनॉयमध्ये 1950 च्या एका निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घरच्या शिक्षणाला खासगी शाळेचा दर्जा दिला. त्या खटल्यातलं कुटुंब सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं. न्यूयॉर्कमध्ये प्रकरण कडक. आधी वैयक्तिक शिक्षण आराखडा द्यायचा, वर्षात चार तिमाही अहवाल, सहावीपर्यंत 900 तास, पुढे 990, शिवाय वार्षिक मूल्यमापन. न्यूयॉर्कच्या आयांना म्हणूनच तयार खोकं आवडतं. आराखड्यात पुस्तकांची यादी उतरवली की निम्मं काम झालं.

आमच्या मशिदीतल्या एका वयस्क आफ्रिकन-अमेरिकन बाईंना मात्र हा प्रश्न ऐकला की जुनं आठवतं. “पोलीस आले होते,” त्या म्हणतात. 1930 च्या दशकात डेट्रॉइटमध्ये क्लारा मुहम्मद आणि नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेतल्या इतर कुटुंबांनी मुलांना सरकारी शाळांतून काढून स्वतः शिकवायला सुरुवात केली. 1934 मध्ये पोलिसांनी धाड घातली, शिक्षकांना अटक झाली, क्लारांचे पती आणि संघटनेचे नेते एलायजा मुहम्मद यांच्यावर खटला चालला. त्या संघटनेच्या विचारांशी आज आमच्या मशिदीतल्या बहुतेकांचं जुळत नाही. पण पुढे त्यांचे पुत्र वॉरिथ दीन मुहम्मद यांच्या काळात त्या शाळांना सिस्टर क्लारा मुहम्मद यांचं नाव मिळालं. ख्रिस्ती घरशाळेची चळवळ जोर धरण्याच्या कितीतरी आधी काळ्या मुस्लिम आयांनी ही किंमत मोजली होती. हा इतिहास कोणत्याच खोक्यात येत नाही. त्या बाई तो आमच्या मुलांना दर फेब्रुवारीत तोंडी सांगतात.

आणि बालभारती

एक गोष्ट राहिली. आमच्याकडच्या कोकणी घरांत आणखी एक विषय असतो, तो म्हणजे आजीशी बोलता येणं. त्यासाठी कुठलंच अमेरिकी पॅकेज उपयोगाचं नाही. मग बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकं उतरवून घ्यायची. 1967 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांची पुस्तकं तिथे फुकट मिळतात. शिकागोच्या बर्फात बसून मुलं पहिलीच्या मराठी पुस्तकातला पाऊस वाचतात. एका मुलाने कवितेचा व्हिडिओ गावी पाठवला तेव्हा आजोबांनी तो अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला. हजार डॉलरच्या खोक्यातल्या एकाही पुस्तकाला असा मान मिळालेला मी पाहिला नाही.

शेवटी माझा सल्ला, जो मी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकीला देते. मुस्लिम कुटुंबासाठी परिपूर्ण खोकं बाजारात नाही आणि त्याची वाट बघत मुलाचं वर्ष घालवू नका. गणित तयार घ्या, कारण तिथे क्रम मोडला तर नुकसान होतं. विज्ञान घेताना मूल पुढे कुठे शिकणार ते बघा. इतिहास आणि गोष्टींचं खोकं घ्यायचं असेल तर मार्गदर्शिका रिंग बाइंडरची घ्या आणि पैसे भरण्याआधी तिचा मधला एखादा आठवडा पूर्ण वाचा. पहिला आठवडा प्रत्येक प्रकाशक गोडच ठेवतो. दीनच्या पुस्तकात आपला मझहब, म्हणजे हनफी, शाफई वगैरे पंथ, आणि कुरआनच्या शिक्षकाकडे आपली प्रत आहे याची खात्री करा. आणि जे पटत नाही ते पट्टी लावून झाकू नका. मुलाला शेजारी बसवून वाचा आणि आपलं म्हणणं सांगा.